नाथाजी हवालदारांचा तीनशे चाळीस मीटर रस्ता

हवालदार नाथाजी पुदाले यांनी सैन्यात सॅपर म्हणून चोवीस वर्षं रस्ते केले. लडाखात केले, अरुणाचलात केले, राजस्थानात तर सकाळी केलेला रस्ता संध्याकाळी वाळूत शोधावा लागे. निवृत्त झाल्यावर काही वर्षं फॅक्टरीच्या गेटवर काढून त्यांनी साताऱ्याबाहेर, हायवेपलीकडे प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि घरापर्यंत यायला रस्ता नव्हता. यात काही विनोद आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. ते फारसे विनोदी गृहस्थ नव्हते.

मूळचे ते कुंडलच्या बाजूचे. गावाकडे भाऊ ऊस बघत होते, मुलगी इस्लामपूरला दिली होती. दवाखाना जवळ असावा म्हणून सातारा. दवाखाना चार किलोमीटरवर होता आणि त्यातले साडेतीन किलोमीटरहून जास्त उत्तम डांबरी होते.

जागेचं नाव संयोगिता पार्क. संयोगिता ही विकासकाची मुलगी. एक्केचाळीस प्लॉट, अठरा घरं, अकरा विजेचे खांब आणि हायवेपासून हवालदारांच्या दारापर्यंत काळ्या मातीचा एक पट्टा, ज्याला नकाशात 'नऊ मीटर रुंदीचा अंतर्गत रस्ता' असं म्हटलं होतं.

या भागाला खडकजाई नगरपंचायत. तिथे पूर्वी नियम असा होता की ज्याने प्लॉट पाडले त्यानेच रस्ते, गटारं आणि पाण्याची पाइपलाइन करायची. ती झाल्यावरच अंतिम मंजुरीचा शिक्का. विकासक रस्ते करत, पण एका पावसाळ्यापुरते. लोकांनी तक्रारी केल्या, म्हणून नियम बदलला. आता विकासकाने या कामांचं शुल्क नगरपंचायतीत भरायचं आणि कामं नगरपंचायतीने करायची. वाईट रस्त्यांचा प्रश्न त्या दिवसापासून मिटला. संयोगिता पार्कच्या विकासकाने शुल्क एकरकमी भरलं आणि पावती फ्रेम करून ऑफिसात लावली. त्याने कोणाचं काही बुडवलं नाही. नगरपंचायतीनेही खाल्लं वगैरे नाही. सगळं बँकेत सुखरूप होतं. कामं 'निधीच्या उपलब्धतेनुसार व अग्रक्रमानुसार' व्हायची होती. या हकिकतीत गुन्हेगार कोणी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत शोधत बसतो.

घर बांधून दुसरं वर्ष. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीची बाजरीची भाकरी थापताना त्यांच्या पत्नी हरणाबाईंचा उजवा हात परातीतच राहिला. हवालदारांनी मागे वळून बघेपर्यंत त्या बसल्या जागी कलल्या होत्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाच आठवड्यांनी घरी आल्या तेव्हा वाचेतला एकच शब्द परत आला होता. व्हय.

चहा हवा का, व्हय. चहा नको का, व्हय. पाय दुखतोय का, व्हय. लेकीला फोन लावू का, व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो. पाहुणे येत, चार प्रश्न विचारत, चार व्हय घेऊन समाधानाने जात. हवालदारांना मात्र दहा-बारा दिवसांत फरक कळायला लागला. होकाराचा व्हय म्हणताना भुवई जराशी वर जाई, नकाराच्या व्हयला डावा गाल आत ओढला जाई. त्यासाठी तोंडाकडे बघावं लागे. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या तोंडाकडे इतकं कधी बघितलं नव्हतं. बरीचशी वर्षं ती कुंडलला आणि हे बर्फात.

फिजिओथेरपीच्या स्वप्नाली मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "काका, जे काय परत यायचं ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं. आठवड्यातून तीनदा इथे आणायचं आणि रोज चालवायचं. घरातल्या घरात नाही. बाहेर, सपाट जागेवर, लांब."

सपाट आणि लांब. संयोगिता पार्कमध्ये लांब होतं.

रिक्षा हायवेलाच थांबे. रिक्षावाल्याचं नाव गुंडा. हे नाव आईबापांनीच ठेवलेलं. माणूस इतका भिडस्त की हॉर्न वाजवला तरी ओशाळायचा. तो म्हणायचा, "आवं हवालदार, आलो असतो. पण मागच्या टायमाला चाक रुतलं, तवा एक्सलच गेला बघा." मग प्लास्टिकच्या खुर्चीत हरणाबाईंना बसवून पुढून हवालदार आणि मागून शेजारचे तानाजी असे तीनशे चाळीस मीटर उचलून नेत. तानाजी एमआयडीसीत फोरमन, शिवाय कॉलनीचे सेक्रेटरी. फर्स्ट शिफ्ट चुकवून येत. एकदा वाटेत खुर्चीचा पाय मोडला. हरणाबाई मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "व्हय."

त्या संध्याकाळी हवालदारांनी माळ्यावरून टिकाव काढला.

फेब्रुवारीअखेर ते मे. नऊ मीटर जमणार नव्हतं, म्हणून बारा फूट. आधी काळी माती हातभर उकरून काढली, खाली दगडांचं सोलिंग एकेक दगड उभा लावून, वर खडी, वर मुरूम. पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, परत पाणी. सोबतचा एक निवृत्त सुभेदार आता खाणीवर होता, तो डंपर पाठवी. पारदर्शक नळीत पाणी भरून हवालदार लेव्हल बघत. मध्ये उंच, दोन्ही कडांना उतार, कासवाच्या पाठीसारखा. पहिले पंधरा दिवस कॉलनी गच्चीवरून बघत होती.

"हवालदार, चीनची बॉर्डर हिकडं सरकली काय?"

"न्हाई. तू खाली सरक आन् पाटी धर."

पुढे रविवारी आठ-दहा जण यायला लागले. तानाजींची बायको सोनिया सगळ्यांना ताक द्यायची. तरी सोलिंगला हवालदार कोणाला हात लावू देत नसत. दुसऱ्याने लावलेला दगड ते रात्री उपटून सकाळी परत लावत, असं तानाजी सांगतात. हवालदारांनी ते नाकारलं नाही.

मे संपता संपता गुंडाची रिक्षा दारात आली. त्याने उतरून रस्ता चपलेने दोनदा दाबून बघितला. "गड्या, हे तर धावपट्टी झाली. इमान मागवा आता काकूंना."

"टनाच्या वर न्हाई," हवालदार म्हणाले. "टँकर तर अजिबात न्हाई. मुरमाचा हाय, दाबला की गेला."

टँकरचं हे कलम कॉलनीला थोडं जड गेलं. बोअरचं पाणी मचूळ, प्यायचं पाणी टँकरचं, आणि टँकर हायवेलाच उभा राही. पण ते आधीही तसंच होतं, त्यामुळे कोणी बोललं नाही.

त्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला नाही. पाणी दोन्ही कडांना उतरून जाई आणि पाऊस उघडला की अर्ध्या तासात मुरूम कोरडा. रोज पाच वाजता हरणाबाई वॉकर घेऊन निघत. हवालदार डाव्या बाजूला, एक पाऊल मागे. जूनमध्ये पहिल्या खांबापर्यंत. ऑगस्टला चौथा. दसऱ्याला सातवा. उजवा पाय फरफटत असे; पुढे पुढे तो उचलून पडायला लागला आणि वॉकरचा आवाज बदलला. स्वप्नाली मॅडम मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणाल्या, "काका, अकराव्या खांबापर्यंत गेल्या ना, की वॉकर काढून काठी देऊ." हवालदारांनी काठी आणून ठेवली. कुपवाडच्या एका ओळखीच्या सुताराकडून खास करून घेतली, सागवानी.

ऑक्टोबरमध्ये नियम पुन्हा बदलला. विकासकांनी भरलेलं शुल्क आतापर्यंत ज्या त्या वसाहतीच्या नावावर पडून होतं. आता ते एका सामायिक निधीत गेलं आणि ठरलं की जिथे रस्ता नाही तिथे आधी खर्च करायचा. न्याय्य नियम होता. रस्ता, गटार आणि पाइपलाइन ही कामं एकत्रच काढायची, म्हणजे एकदा केलेला रस्ता परत खोदायला नको. हेही शहाणपणाचं होतं. कुठे रस्ता आहे आणि कुठे नाही, एवढंच बघायला सर्वेक्षण ठेवलं.

सर्वेक्षणाला आलेल्या मॅडम स्कूटीवर आल्या, हातात टॅब. हवालदारांना वर्दी आदल्या दिवशी मिळाली होती. त्यांनी सकाळी रस्ता झाडून काढला, कडेचं गवत कापलं, दाढी केली. चोवीस वर्षांत प्रत्येक रस्त्याची तपासणी झाली होती. तपासणीला माणूस आला की त्याला काम नीट दाखवायचं, ही सवय. त्यांनी मॅडमना एका जागी कडेचा मुरूम बाजूला करून खालचे थर दाखवले. स्कूटी जोरात पळवून बघा म्हणाले. मॅडमनी पळवली.

"खूपच छान आहे. कोणी केला, काका?"

"आमीच."

"म्हणजे सोसायटीनं?"

"न्हाई, म्हंजे मीच. हिला दवाखान्यात न्यायला."

मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. "तसा पर्याय नाहीये. विकासक, नगरपंचायत, शासकीय योजना, इतर. इतर टाकते. आणि स्थिती... विकसित की अविकसित? विकसितच ना?"

हवालदारांनी रस्त्याकडे बघितलं. वर्दीतल्या चोवीस वर्षांत त्यांच्या रस्त्याबद्दल त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

"विकसित," ते म्हणाले. "लिवा."

नोव्हेंबरच्या यादीत संयोगिता पार्क 'काम आवश्यक नाही' या रकान्यात होतं. कामं एकत्रच निघायची, म्हणून रस्ता नाही, गटार नाही, आणि पाइपलाइन तर नाहीच.

तानाजी आणि हवालदार नगरपंचायतीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"हरकत घेता येते. डिसेंबरात फेरपाहणी आहे. पण पाहणीला रस्ता दिसला तर तो आहेच म्हणणार. आता आहे त्याला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा."

"पण तो मुरमाचा हाय. टँकर येत न्हाई त्यावर," तानाजी म्हणाले.

"टॅबमध्ये मुरमाचा नाहीये. विकसित, नाहीतर अविकसित." कारकून आवाज खाली करून म्हणाला, "रस्ता नसता तर पहिल्या टप्प्यात आला असता तुम्ही."

"रस्ता नसता तर आमी हितवर आलो कसं असतो?" हवालदार म्हणाले. कारकून हसला. हवालदारांनी प्रश्न खराखुरा विचारला होता.

रविवारी कॉलनीच्या मोकळ्या जागेत बैठक बसली. हरणाबाईंना हवालदारांनी खुर्ची आणून कडेला बसवलं होतं. बैठक संपली की तिथूनच फेरीला निघायचं होतं. रस्ता उखडा, असं कोणीच म्हणालं नाही. पाण्याबद्दल बोलले. बोअर आणखी खाली गेल्याबद्दल बोलले. कोणाच्या तरी मुलाला मूतखडा झाला होता. सोनियाला सातवा महिना होता आणि हायवेवरून कॅन आणताना ती दोनदा खाली बसली होती, ते ती बोलली नाही, दुसऱ्या बायकांनी सांगितलं.

"निम्मा ठिवू," एकजण म्हणाला. "घराकडला. काकूंना फिरायला."

"निम्मा ठिवला तर निम्मा विकसित," तानाजी म्हणाले, "आन् टॅबात निम्मा न्हाई." मग हवालदारांकडे न बघता, "हवालदार, तुमी म्हणाल तसं. तुमच्या कष्टाचा हाय. न्हाई म्हणला तर आमी कुनी तोंडातनं शब्द काढणार न्हाई. माझी तरी आण."

ते खरं होतं. कोणी काढला नसता. त्यामुळेच हवालदारांना बोलता येईना.

तेवढ्यात मागून कोणा बाईने, चांगल्या मनानेच, हाक दिली. "आवं काकूंना इचारा की! त्यांच्यापायीच केला नव्हं? काकू, उखडूया का रस्ता? पाइप येईल. पाणी येईल घरात."

"व्हय," हरणाबाई म्हणाल्या.

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. सोनिया रडली. तानाजींनी जाऊन हरणाबाईंच्या पायाला हात लावला. अठरा घरांत तो शब्द ओळखू शकणारा माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी जमिनीकडे बघत होता.

त्या दिवशी वर का बघितलं नाही, हे हवालदारांनी पुढे एकदा तानाजींना सांगायचा प्रयत्न केला. "बगितलं असतं तर कळलं असतं रं," एवढंच म्हणाले.

सॅपरला रस्ता करायला शिकवतात तसा मोडायलाही शिकवतात. सैन्य मागे हटताना मागचा रस्ता शत्रूच्या कामाचा राहू नये म्हणून. कुठे घाव घातला की कमी मेहनतीत जास्त लांबी निकामी होते, त्याचं शास्त्र आहे. हवालदारांनी त्यातलं काही वापरलं नाही. अकराव्या खांबापासून सुरुवात करून ते रोज एक खांब मागे येत राहिले. तानाजींनी जेसीबी सांगतो म्हटलं, तर म्हणाले, "नको. त्यो कसाबी उखडंल." दगड काढून ते कडेला चौकोनी रचून ठेवत होते. पहिले चार दिवस हरणाबाई पाच वाजता वॉकर धरून दारात उभ्या राहत. उरलेल्या तुकड्यावर फेरी होई, रोज एक खांब कमी. पाचव्या दिवशी त्या उठल्याच नाहीत. मुरूम दारापर्यंत निघाला त्या दिवशी त्यांनी हवालदारांच्या हातचा चहा घेतला नाही. हवालदारांनी नको का असं विचारलंही नाही.

फेरपाहणीला त्याच मॅडम आल्या. यावेळी हायवेला स्कूटी लावून चालत. उकरलेल्या पट्ट्याकडे बघितलं, दगडांच्या रचलेल्या चौकोनांकडे बघितलं, मग टॅब काढला. चहा घेतला नाही. अविकसित.

संयोगिता पार्क 'काम आवश्यक' यादीत गेलं. क्रमांक त्रेसष्ट. अविकसित वसाहती बऱ्याच निघाल्या होत्या. काही तर आधीच्या यादीत नव्हत्या, त्या फेरपाहणीत नव्याने अविकसित झाल्या. हायवेजवळ फलक लागला: प्रस्तावित कामाची जागा, काम सुरू होईपर्यंत जैसे थे स्थितीत ठेवावी.

हवालदारांनी हुकूम पाळला. कॉलनीने तो त्यांच्याकडून जरा जास्तच पाळून घेतला. एकदा सकाळी त्यांनी दारात पाटी-फावडं काढलं, तर तानाजी बनियनवरच धावत आले. "हवालदार, पाटी कशाला काढली?"

"तुळशीला माती घालतोय."

"बरं बरं." तानाजी थोडा वेळ उभे राहिले. "राग मानू नका हवालदार. कुनी फोटो काढून दिला तर यादीतनं..."

"तुळशीलाच हाय रं, तानाजी."

रिक्षा पुन्हा हायवेला. खुर्ची पुन्हा निघाली, पण तानाजींच्या घरात बाळ आलं होतं आणि हवालदारांच्या कमरेत उखडण्याच्या वेळी काहीतरी भरलं होतं, ते निघालंच नाही. तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. पावसाळ्यात काळी माती गुडघ्याला लागली आणि जाणं थांबलं. घरात हरणाबाई स्वयंपाकघर ते दार चालायच्या, बारा पावलं. मग ती पलंग ते दार झाली. वॉकरचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला.

ऑगस्टच्या शेवटी स्वप्नाली मॅडम स्वतः आल्या. त्यांची बदली झाली होती, जाण्याआधी एकदा बघून जाते म्हणाल्या. हायवेपासून सँडल हातात घेऊन आल्या. हरणाबाईंचा पाय हातात घेऊन वाकवला, घोटा फिरवला, उभं केलं, बसवलं.

"काका, आता व्यायाम करायचा तो सांधे आखडू नयेत म्हणून. पलंगावरच करा. सकाळ-संध्याकाळ."

"चालण्यासाठी?"

"चालण्यासाठी नाही आता."

हवालदारांनी मान डोलावली. हरणाबाई खिडकीकडे तोंड करून होत्या.

"मॅडम, एक इचारू? रस्ता ऱ्हायला असता, तर चालली असती ती?"

"तसं सांगता येत नाही काका. प्रत्येक पेशंट वेगळा असतो."

"म्हंजे चालली असती असंबी असंल."

"असेल."

"आन् न्हाई, असंबी."

"तसंही असेल."

"बरं," हवालदार म्हणाले.

मॅडम निघाल्या तेव्हा पाऊस उघडला होता, पण चिखल तसाच. हवालदारांनी परसातून गवंड्यांच्या दोन लांब फळ्या आणल्या. एक फळी चिखलावर टाकली, मॅडम तीवर उभ्या राहिल्या. पुढे दुसरी टाकली, त्या तीवर गेल्या. मागची उचलून पुन्हा पुढे.

"काका, राहू दे हो. मी जाते की अशीच."

"व्हऊ द्या. लांब न्हाई."

फळ्या भिजून जड झाल्या होत्या. दर वेळी वाकताना हवालदार कमरेला एक हात लावत होते. गच्चीवरून दोन-तीन जण बघत होते. फळी उचलली की खाली तिची खूण राही, आणि पाणी येऊन ती बुजेपर्यंत ते वरून बघत. तीनशे चाळीस मीटरला पाऊण तास लागला. हायवेला गुंडा रिक्षा घेऊन उभा होता. मॅडमना काहीतरी बोलायचं होतं, पण हवालदारांनी नमस्कार केला आणि त्या बसल्या.

रिक्षा गेल्यावर त्यांनी दोन्ही फळ्या खांद्यावर घेतल्या आणि चिखलातून घरी आले.